खिरीचं पातेलं आणि हलकं फ्लायव्हील

“सोमवारी सकाळी ग्रेगला उत्तर हवंय,” डेल म्हणाला. “आणि मित्रा, ते ‘यस’ असेल तर बरं.”

माझं नाव संघमित्रा. ते पूर्ण उच्चारणं ऑफिसात कोणाला झेपत नसे, म्हणून मी सगळ्यांची मित्रा. डेल माझा बॉस. शिकागोच्या पश्चिमेला, आमच्या नेपरव्हिलच्या घरापासून अर्ध्या तासावर आमचा कारखाना होता. तिथे गाड्यांचे क्लच आणि फ्लायव्हील बनत. नव्वदचं दशक होतं. टेस्ट डिपार्टमेंटमध्ये मी एकटीच बाई आणि एकटीच नागपूरकर. दोन्ही गोष्टींची मला सवय झाली होती, इतरांना अजून व्हायची होती.

ग्रेग हे आमचं गिऱ्हाईक. त्याची कंपनी एक छोटी, दोन दारांची गाडी विकत असे. साधीसुधी, ऑफिसला जायची-यायची गाडी. तिचीच एक स्पोर्टी आवृत्ती त्याला बाजारात आणायची होती. इंजिन तेच, पण टायर रुंद, सीटला लाल शिलाई आणि आत आमचं हलकं फ्लायव्हील. रेसिंगच्या गाडीतला पार्ट तुमच्या गाडीत, असं त्याला ब्रोशरमध्ये छापायचं होतं. त्याआधी आमच्या कंपनीने लिहून द्यायला हवं होतं की हा पार्ट रोजच्या रस्त्यावर चालेल. ते लिहून देणारी मी. टेस्ट इंजिनियरच्या सहीशिवाय पार्ट पुढे सरकत नसे.

आता फ्लायव्हील म्हणजे काय ते सांगते. इंजिनाच्या मागच्या टोकाला बसवलेली ही एक जड लोखंडी चकती. इंजिन एकसारखं फिरत नाही. सिलिंडरमध्ये ठिणगी पडली की धक्का बसतो, मग क्षणभर ढिलाई, मग पुन्हा धक्का. ही चकती ते धक्के पोटात घालते आणि पुढे चाकांकडे गुळगुळीत फिरणं पाठवते. दगडी जातं आठवा. एकदा फिरायला लागलं की हात जरा सैल पडला तरी ते फिरत राहतं. चकती हलकी केली की इंजिन चटकन वेग घेतं आणि चटकन टाकतंही. रेस ट्रॅकवर असं इंजिन म्हणजे चैन. रस्त्यावर मात्र जात्याचं वजन गेल्यासारखं होतं. हात सैल पडला की काम थांबलं.

ट्रॅकवर आमच्या हलक्या फ्लायव्हीलने धमाल उडवून दिली होती. आमच्या धंद्यात गाडी चालवून तिला दहापैकी मार्क देतात. ग्रेगच्या टेस्ट ड्रायव्हरांनी नऊ दिले. डेल स्वतः वीकेंडला रेसिंग करायचा, त्यालाही नऊच सुचले. ट्रॅकवरून परतला तेव्हा त्याचा चेहरा दिवाळीतल्या पोरासारखा झाला होता.

मी त्याच गाडीत यंत्र लावून रस्त्यावरचे झटके मोजले होते. रांगत्या ट्रॅफिकमध्ये, पहिल्या गिअरमध्ये, आलेखात कात्रीने कापल्यासारखी टोकं येत होती. मी ते आलेख पारदर्शक कागदावर छापून प्रोजेक्टरवर दाखवले. ग्रेगने जांभई दाबली.

“मित्रा, तू स्वतः ही गाडी ट्रॅफिकमध्ये चालवलीस ना?” डेलने विचारलं.

“चालवली.”

“किती मार्क दिलेस?”

“सात.”

“सात म्हणजे गुड. मग हा आलेख काय सांगतोय?”

यंत्र एक सांगत होतं आणि माझं शरीर दुसरं. मी त्या गाडीत बसून खरोखरच सात मार्क दिले होते. याचा मला मनस्वी राग आला होता, आणि तो कोणावर काढावा ते कळत नव्हतं.

प्रश्न साधा नव्हता. मी ‘नो’ म्हटलं तर ग्रेग जुनं, जड फ्लायव्हीलच ठेवणार, आणि ते दुसरी कंपनी बनवत होती. आमच्या मशीन शॉपने या कामाच्या भरवशावर जागा रिकामी करून ठेवली होती. काम गेलं असतं तर माणसं गेली असती. माझे ग्रीन कार्डाचे कागदही कंपनीच्याच हातात होते, तेव्हा जाणाऱ्यांत मी पुढच्या रांगेत. आणि ‘यस’ म्हटलं तर? ती गाडी घेणारी माणसं काही रेसर नव्हती. कोणी शाळेतली टीचर, कोणी बँकेतला क्लार्क. रोज सकाळी ट्रॅफिकमध्ये उचक्या देणारी गाडी त्यांच्या गळ्यात पडणार आणि कागदावर सही माझी.

“गाडी वीकेंडला घरी ने,” डेल म्हणाला. “मनसोक्त चालव. सोमवारी सांग.”

त्या शनिवारी आमच्याकडे बुद्ध पौर्णिमेचा कार्यक्रम होता. पौर्णिमा कधीही येवो, अमेरिकेत आपले सगळे सण शनिवारीच येतात. आसपासच्या गावांमधली आमची पंचवीसेक आंबेडकरी कुटुंबं एका पार्कचा हॉल भाड्याने घ्यायची. पांढरे कपडे, वंदना, मग जेवण. खीर दरवर्षी कोणाकडे तरी सोपवलेली असे. ते वाटप कुसुमकाकू करत. त्या मुलाकडे राहायला आलेल्या, मूळच्या अमरावतीच्या, आणि त्यांनी एकदा सांगितलं की ते काम आपलंच. त्या वर्षी खीर माझ्याकडे होती.

मी मोठं पातेलं भरून तांदळाची खीर केली. केशर, बदाम, सगळं रीतसर. आमची स्वतःची गाडी ऑटोमॅटिक होती, पण मला टेस्ट कार चालवायची होती म्हणून आम्ही तीच काढली. घरी नेलेली टेस्ट कार नवऱ्याने किंवा बायकोने चालवलेली कंपनीला चालत असे. उलट फुकटात आणखी एक मत मिळे.

आता आपल्या लोकांची एक पद्धत आहे. कार्यक्रमाला न्यायचं पातेलं आपण डिकीत ठेवत नाही. झाकण ठेवायचं, वरून फडकं बांधायचं आणि शेजारी बसलेल्याने ते मांडीवर धरायचं. अमेरिकन माणूस डब्याला सीटबेल्ट लावेल, पण आपला विश्वास मांडीवर. पातेलं माझ्या नवऱ्याच्या, मिलिंदच्या मांडीवर होतं. तो पांढऱ्या झब्बा-पायजम्यात, मी पांढऱ्या साडीत. गाडी मी चालवत होते.

फ्रीवेवर रस्तादुरुस्ती चालू होती. दोन लेन बंद, गाड्या मुंगीच्या पावलांनी चाललेल्या. माझ्या दृष्टीने यापेक्षा चांगली टेस्ट नव्हती. मी खुशीत होते.

“अगं, हळू!” मिलिंद ओरडला.

“हळूच चाललेय. यापेक्षा हळू म्हणजे उभं राहणं.”

“मग खीर का उसळतेय?”

“तू नीट धर ना.”

“दोन्ही हातांनी धरलंय यार. आता काय दातांनी धरू?”

पुढची गाडी थांबली, मी ॲक्सिलरेटरवरचा पाय जरा उचलला, आणि झाकणाखालून खिरीचा एक ओघळ फडक्यातून थेट पायजम्यावर आला. मग पुढची गाडी हलली, मी पाय दाबला, आणि दुसरा ओघळ झब्ब्यावर.

“काय चालवतेस तू! आणि म्हणे टेस्ट इंजिनियर.”

हे मला झोंबलं. नागपूरला सीताबर्डीच्या गर्दीत गाडी शिकलेली मी. तिथे डावा पाय अर्ध्या क्लचवर ठेवूनच माणूस पुढे सरकतो. माझ्या ड्रायव्हिंगला आजवर कोणी नाव ठेवलं नव्हतं. पुढच्या एक्झिटला मी बाहेर पडले, गॅस स्टेशनवर गाडी उभी केली आणि किल्ली त्याच्यापुढे धरली.

“घे. तू चालव. मी धरते पातेलं. बघू तुझं स्मूद ड्रायव्हिंग.”

मिलिंद संभाजीनगरचा. गाडी तोही भारतातच शिकलेला. आम्ही पुन्हा त्याच रांगेत घुसलो. पातेलं माझ्या मांडीवर. पुढची गाडी थांबली, त्याने पाय उचलला, आणि खीर माझ्या पांढऱ्या साडीवर. बदामासकट. मी त्याच्यावर ओरडणारच होते, एवढ्यात लक्षात आलं. मला झटका लागला होता. खरोखरचा. माझ्या आलेखातलं ते कात्रीने कापलेलं टोक मला कमरेत जाणवलं होतं.

“मिलिंद, तुला आत्ता झटका जाणवला?”

“कसला झटका? मी किती हळू चालवतोय बघ.”

मी तिथेच, खिरीच्या पातेल्यावर हात ठेवून, हसायला लागले. मिलिंदला वाटलं, साडीच्या दुःखाने डोकं फिरलं.

झालं होतं असं. गाडी चालवणाऱ्याला आपला पाय कधी हलणार हे आधी ठाऊक असतं. पाय उचलण्याआधीच त्याची पाठ, मान, हात तयार होतात. झटका येतो, पण शरीर त्याची वाट बघत असतं, म्हणून तो जाणवत नाही. शेजारी बसलेल्याला यातलं काहीच माहीत नसतं. आणि पातेल्याला तर मुळीच नाही. आजवर या फ्लायव्हीलला ज्यांनी ज्यांनी मार्क दिले होते, ते सगळे एकटे गाडी चालवत होते. ट्रॅकवर शेजारची सीट रिकामीच असते. ग्रेगचे ड्रायव्हर, डेल, मी, सगळे स्टिअरिंगच्या मागे. माझे सात मार्क खोटे नव्हते. ते चुकीच्या सीटवरून दिलेले होते.

हॉलच्या दारात कुसुमकाकू उभ्या होत्या.

“जय भीम, संघमित्रा. किती उशीर गं! आणि ही अर्धी खीर कुठं गेली?”

“थोडी सीटवर, काकू. थोडी याच्यावर. थोडी माझ्यावर.”

त्यांनी आम्हा दोघांकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. “बरं, धुऊन या आधी. आणि वाढताना वाटीभर नको, चमचाभरच देऊ सगळ्यांना.”

वंदनेला मी डोळे मिटून बसले. मन शांत व्हायला हवं होतं, पण मिटल्या डोळ्यांपुढे पातेलंच हलत होतं. इतका आनंद मला कित्येक महिन्यांत झाला नव्हता. बोधिवृक्षाखाली नाही, पण फ्रीवेवरच्या रांगेत का होईना, मलाही काहीतरी कळलं होतं.

रविवारी मी कागद घेऊन बसले. आता उत्तर ‘नो’ हे नक्की होतं. पण नुसतं ‘नो’ म्हणून काम घालवायचं मला पटत नव्हतं. मग एक प्रश्न सुचला, तो आधी कोणालाच पडला नव्हता. हलकं करायचं ते ठीक, पण कुठून हलकं?

फिरणाऱ्या चकतीत सगळं वजन सारखं नसतं. मधलं लोखंड फिरवायला सोपं, कडेचं लोखंड फिरवायला अवघड. जात्याचा खुंटा मधोमध लावून बघा, हात दुखून येतील. तो कडेला असतो म्हणून दळता येतं. चकतीच्या बाबतीतही असंच, कडेच्या लोखंडाचा जोर फार. आमच्या फ्लायव्हीलमध्ये रेसिंगवाल्यांच्या पद्धतीने कडेचं लोखंडच आधी काढलं होतं. मी कड जवळजवळ तशीच ठेवली आणि मधलं लोखंड पोखरलं. वजन चांगलं घसरलं. झटके पोटात घालायची ताकद मात्र थोडीच कमी झाली. इंजिन जुन्यापेक्षा चटपटीत होणार होतं, पण रेसच्या गाडीइतकं उतावीळ नाही.

सोमवारी सकाळी डेलने टेस्ट कारचं दार उघडलं आणि दोन पावलं मागे सरकला. मे महिन्याच्या उन्हात गाडी दीड दिवस बंद होती.

“या गाडीत काय मेलंय?”

“दूध,” मी म्हटलं. “आणि थोडे बदाम.”

मग मी त्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकलं, पण चेहरा हलला नाही.

“म्हणजे तुझं उत्तर ‘नो’. ग्रेगला मी सांगू की माझ्या इंजिनियरच्या नवऱ्यावर पुडिंग सांडलं?”

“पुडिंग नाही, खीर. आणि तसं सांगू नको. त्याला बोलाव. मला एक आठवडा दे, मशीन शॉप दे आणि सारख्याच तीन गाड्या दे. एकीत जुनं जड फ्लायव्हील, दुसरीत आपलं हलकं, तिसरीत हे.” मी रविवारचं ड्रॉइंग टेबलावर पसरलं.

डेल त्यावर वाकला. माणूस रेसिंगवेडा होता, पण इंजिनियर पक्का होता. त्याचं बोट त्या जाड कडेवरून फिरलं.

“गाडी कोण चालवणार?” त्याने विचारलं.

“तू. म्हणजे ड्रायव्हिंगला कोणी नाव ठेवायला नको.”

आठवड्याने ग्रेग आला तो फिक्या खाकी पँटमध्ये. मला मनातून फार बरं वाटलं. मी सकाळी उठून ताजी खीर केली होती, पातेल्याच्या गळ्यापर्यंत.

“पाण्याने करू ना,” डेल हळूच म्हणाला.

“पाणी सांडलं की माणूस रुमालाने पुसतो आणि विसरतो,” मी म्हटलं.

ग्रेगला शेजारच्या सीटवर बसवून मी पातेलं त्याच्या मांडीवर ठेवलं. या वेळी झाकणही नाही. तो बावरला. “हे काय आहे?”

“आमच्याकडचं गोड. धरून बसा. एवढंच काम.”

मी मागच्या सीटवर गुडघे हनुवटीला लावून बसले. कारखान्यामागे एक रस्ता होता. दुपारच्या लंचच्या वेळी तो गच्च भरे, गाड्या रांगत पुढे सरकत. पहिली फेरी जड फ्लायव्हीलच्या गाडीत झाली. खीर जरा हलली, बस. ग्रेग म्हणाला, “ही तर रोजचीच गाडी आहे.”

दुसरी गाडी, हलक्या फ्लायव्हीलची. डेल खरोखर सुरेख चालवत होता. इतका नाजूक पाय मी कोणाचा पाहिला नाही. त्याने एकदोनदा ॲक्सिलरेटर दाबला-सोडला आणि खीर कडेपर्यंत चढली. ग्रेगने पातेलं घट्ट धरलं.

“स्मूद आहे ना?” डेलने समोर बघत विचारलं. त्याला खरंच तसं वाटत होतं.

पुढे पांढरी व्हॅन थांबली. डेलने पाय उचलला. खीर उसळली आणि ग्रेगच्या खाकी पँटवर उतरली.

“गॉश!” ग्रेग ओरडला. “डेल, काय चालवतोस तू!”

मला मागे हसू आवरेना. शब्द न् शब्द मिलिंदचा होता. डेलने मान वळवून ग्रेगकडे पाहिलं, मग पँटकडे, मग आरशातून माझ्याकडे. त्या एका नजरेत माझे ते सगळे दाबलेल्या जांभईचे आलेख वसूल झाले.

आम्ही परतलो. ग्रेगने पँट पुसली, पण तिसऱ्या गाडीत तो स्वतःहून बसला आणि पातेलं मागून घेतलं. मी ते पुन्हा भरलं. आता परीक्षा माझी होती. कागदावरचं गणित बरोबर होतं, पण खिरीला गणित कुठे वाचता येतं?

गाड्या थांबल्या. डेलचा पाय उठला. खीर हलली, कडेशी आली, क्षणभर तिथेच थबकली आणि परत खाली गेली. पुन्हा रांग, पुन्हा तेच. एक थेंबही बाहेर नाही. ग्रेगची नजर पातेल्यावरून उठत नव्हती.

रस्ता मोकळा लागल्यावर डेलने ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन खणखणीत वर गेलं, जुन्या गाडीसारखं आळोखेपिळोखे न देता. डेल गालातल्या गालात हसला. तो मला दिसला, ग्रेगलाही दिसला.

“वजन किती कमी झालं?” ग्रेगने विचारलं.

“ब्रोशरमध्ये छापता येईल एवढं,” मी म्हटलं. “वजन कुठून काढलं ते छापायची गरज नाही. पण कोणी विचारलं तर अभिमानाने सांगा. आधीच्याइतकं ते चपळ नाही, हे मी लिहूनच देणार आहे.”

“आणि सही?”

“याच्यावर लगेच. त्या दुसऱ्यावर कधीच नाही. ते ट्रॅकवाल्यांना वेगळं विका.”

ग्रेगने पातेल्यात वाकून पाहिलं. “या पुराव्याला चमचा मिळेल का?”

कँटीनमधून प्लॅस्टिकचे चमचे आले. मीटिंग पार्किंग लॉटमध्येच झाली, गाडीच्या बॉनेटवर पातेलं ठेवून. मी सही केली. ग्रेगने तिसरं फ्लायव्हील घेतलं, आणि मशीन शॉपला जे काम मिळालं ते डेलने अपेक्षा केली होती त्यापेक्षा मोठं होतं, कारण ट्रॅकवालंही ग्रेग वेगळं विकणार होता. त्या रात्री मी मिलिंदला पार्टी दिली, नवा पायजमाही घेऊन दिला.

आमच्या डिपार्टमेंटमध्ये त्यानंतर एक नियम झाला. कुठलाही पार्ट रस्त्याच्या गाडीत जाण्याआधी एक माणूस शेजारच्या सीटवर बसून मार्क देणार. मशीन शॉपमधली मंडळी त्याला ‘कीर टेस्ट’ म्हणत. उच्चार सुधारायचा मी बरेच दिवस प्रयत्न केला, मग सोडून दिला. पुढच्या बुद्ध पौर्णिमेला ग्रेगच्या त्याच गाडीतून मी पातेलं नेलं. कुसुमकाकूंनी फडकं सोडून आत पाहिलं आणि म्हणाल्या, “हं. आता शिकलीस गाडी चालवायला.” मी फ्लायव्हील समजावून सांगायच्या भानगडीत पडले नाही.

माझ्या कामात मी पुढे बरीच यंत्रं वापरली, महागडीही वापरली. पण गाडी गुळगुळीत चालते का, हे चालवणाऱ्याला विचारण्यात अर्थ नाही, एवढं मला पातेल्याने शिकवलं. शेजारच्या सीटवर बसलेल्याला विचारावं, आणि त्याच्या मांडीवर काहीतरी सांडण्यासारखं असावं. मिलिंद अजूनही चारचौघांत सांगतो की तो फार स्मूद ड्राइव्ह करतो. शेजारी मी बसते. मला विचारा.